मुक्कामी शिक्षण

१९६१ साली केर व्हाइट या अमेरिकी डॉक्टरने दोन सहकाऱ्यांसह एक छोटा हिशेब प्रसिद्ध केला. एक हजार प्रौढ माणसं घ्या आणि महिनाभर त्यांचं काय होतं ते पाहा. साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरची पायरी चढतात. ९ जण रुग्णालयात भरती होतात, ५ जणांना एक डॉक्टर दुसऱ्याकडे पाठवतो, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एकच. २००१ साली हा हिशेब नव्याने मांडला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं.

आता डॉक्टर कुठे घडतो ते पाहू. तो घडतो त्या एकाच्या खाटेशेजारी. नागपुरात ज्याला लोक नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, तिथे भंडारा, गोंदिया, छिंदवाड्यापासून रुग्ण येतात. वॉर्डात पोचेपर्यंत त्यांची बरीच चाळणी झालेली असते. हातात तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, कधीकधी निदानही ठरलेलं असतं. विद्यार्थी शिकतो तो सातव्या दिवशीचा ताप. पहिल्या दिवशीचा ताप त्याने पाहिलेलाच नसतो. पुढे हाच विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो तेव्हा पावसाळ्यातल्या एका सकाळी ओपीडीत तापाचे साठ रुग्ण उभे असतात. त्यातले बहुतेक दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होणार असतात आणि एखाद्याचा मलेरिया उद्या मेंदूत जाणार असतो. तो एक ओळखणं हे वैद्यकातलं अवघड कसब आहे. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात ते शिकता येत नाही, कारण उरलेले एकोणसाठ तिथे येतच नाहीत.

हे असं का झालं याचं एक कारण आपल्याकडे थेट १९४६ पर्यंत मागे जातं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने डॉक्टरांची मोजदाद मांडली होती. पदवीधर डॉक्टर १७,६५४ आणि परवानाधारक, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट, २९,८७०. जुन्या पिढीला आठवत असतील ते एल.सी.पी.एस. डॉक्टर यातलेच. समितीने ठरवलं की यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, पूर्ण पदवी घेतलेला. काही सदस्यांनी त्याला लेखी विरोध नोंदवला, पण कमी मुदतीच्या वैद्यकीय शाळा हळूहळू बंद झाल्या किंवा त्यांची महाविद्यालयं झाली. समितीचा हेतू चांगला होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न रास्तच होता. तिने सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या शिक्षणाचाही आग्रह धरला. प्रत्यक्षात मात्र एवढंच घडलं की खेड्यात जाणारा आणि शहरात राहणारा असे सगळेच डॉक्टर त्या हजारातल्या एकाजवळ शिकू लागले. राहिलेले ९९९ जण अभ्यासक्रमात एका विषयाच्या पुस्तकापुरते उरले. सामाजिक वैद्यकाच्या या विषयाला विद्यार्थी आजही ‘पीएसएम’ म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात तो वाचतात.

हे उलटं करून पाहण्याचा या देशातला सर्वांत चिकाटीचा प्रयत्न वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाला. १९६९ हे गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ६० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. संस्थापक डॉ. सुशीला नायर या गांधीजींच्या डॉक्टर, आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री. आश्रमाजवळ कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय आधीपासून होतं, त्याच्या आधाराने महाविद्यालय उभं राहिलं. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मोठं शहर, हे समीकरण त्या काळी पक्कं असताना चहूकडे कपाशी आणि ज्वारीची शेतं असलेल्या जागी ते काढणं हाच मुळात एक युक्तिवाद होता.

सेवाग्रामबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा खादीचं बोलतात. खादी आहेच. नव्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात काढायचे, प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, स्वतःचं ताट स्वतः घासणं, हेही आहे. पूर्वी प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशव्यापी ‘नीट’ आल्यावर ती गेली. या सगळ्याचं मोल मी नाकारत नाही, पण सूत कातल्यामुळे डॉक्टर खेड्यात राहतो असं मला वाटत नाही. सेवाग्रामचे पुष्कळ पदवीधर शहरांत आहेत आणि परदेशांतही आहेत. शिक्षणपद्धती म्हणून तिथली खरी नवलाई दुसरीकडे आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांची अख्खी तुकडी एका गावात पंधरा दिवस मुक्कामाला जाते. त्या तुकडीचं ते गाव ठरून जातं. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. शरीररचनाशास्त्रात अजून हाताच्या नसा पाठ होत असतात, औषध कशाला म्हणतात याचा पत्ता नसतो, आणि त्या वयात हा मुलगा किंवा मुलगी कुणाच्या तरी ओसरीवर बसून विचारत असते: घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, संडास आहे का, असला तर वापरता का, लहानग्याला गोवराची लस दिली का. मुलांची वजनं घेतली जातात, बायकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं जातं. शिबिर संपल्यावरही नातं संपत नाही. पुढची वर्षं त्याच घरी ठरलेल्या दिवशी जायचं.

या ‘पुढच्या वर्षां’त सगळं आहे. पहिल्या भेटीत घरची बाई उत्तरं देते ती पाहुण्याला देतात तशी. संडास वापरतो, पाणी गाळून पितो, मुलांना रोज भाजी देतो. चौथ्या-पाचव्या भेटीत खरं बाहेर येऊ लागतं. संडासात तुरीच्या काड्या भरलेल्या आहेत, मोठ्या सुनेला दिवस गेलेत पण सासूला सांगितलेलं नाही, म्हाताऱ्याने रक्तदाबाची गोळी बंद केलीय कारण ‘आता बरं वाटतं’. आपण दिलेला सल्ला पाळला का गेला नाही, हे पुढच्या महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागणं, याहून कडक परीक्षा वैद्यकीय शिक्षणात नाही. वॉर्डातल्या रुग्णाला ‘आराम करा, सकस खा’ सांगून घरी सोडलं की विद्यार्थ्याच्या लेखी तो बरा झालेला असतो. इथे त्याला कळतं की कापूसवेचणीच्या दिवसांत आराम नावाची गोष्ट मजुरी बुडवल्याशिवाय मिळत नाही.

भाषाही इथेच शिकली जाते. सेवाग्रामला देशभरातून मुलं येतात, पण मराठी घरातल्या मुलांचीही सुरुवातीला त्रेधा उडते. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘हातापायाला कळा लागतात’, ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात गोळा उठतो’ या तक्रारी कुठल्याच पाठ्यपुस्तकात या शब्दांत नसतात, आणि यातली पहिली तक्रार पुरुष विद्यार्थ्याला सांगायला बाई धजावते ती किती भेटींनंतर, हेही पुस्तकात नसतं. विदर्भात सिकलसेलचा आजार बराच आहे. ‘सांधे दुखतात’ म्हणून वर्षानुवर्षं बाम चोळत बसलेल्या पोराला तो असू शकतो, हे त्या घरात बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात जितकं पक्कं बसतं तितकं व्याख्यानाने बसत नाही.

कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली, तिची वर्गणी ज्वारीत घेतली जाई. सुगी झाली की घरटी ठरलेली ज्वारी गावाच्या निधीत जमा करायची आणि वर्षभर रुग्णालयात सवलतीत उपचार घ्यायचे. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो आणि कधी नसतो याची इतकी साधी समज भल्याभल्या विमाकंपन्यांना नसते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिलं तर आजाराचं अर्थशास्त्र शिकवायला याहून चांगला धडा कुठून आणणार?

सरकारनेही हे ओळखलं होतं. १९७५ साली श्रीवास्तव समितीने अहवाल दिला आणि १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्याची ‘रोम’ नावाची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यायची, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांनी तिथे जायचं. त्यासाठी ब्रिटनकडून फिरत्या दवाखान्याच्या मोठमोठ्या गाड्या मिळाल्या. योजना कागदावर भक्कम होती. पण वॉर्डातला शस्त्रक्रियेचा प्राध्यापक त्या गाडीत कधी फारसा चढला नाही, आणि प्राध्यापक चढला नाही की विद्यार्थ्याला संदेश पोचतो. कुठला विषय महत्त्वाचा, हे मुलं वेळापत्रकावरून ठरवत नाहीत. आपले सर कुठे उभे असतात त्यावरून ठरवतात.

मला वाटतं आपल्या ग्रामीण वैद्यकीय शिक्षणाचं मूळ दुखणं हेच आहे. गावात विद्यार्थ्यांना नेतो सामाजिक वैद्यकाचा विभाग, ज्याच्या प्राध्यापकांकडे बहुधा स्वतःचे रुग्ण नसतात. रुग्ण तपासतात ते मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोगाचे प्राध्यापक, आणि ते वॉर्ड सोडत नाहीत. मग पोरांच्या डोक्यात एक वाटणी पक्की होते: गाव म्हणजे सर्वेक्षण आणि रुग्णालय म्हणजे वैद्यक. गावातही वैद्यकच करायचं असतं, तेही एक्सरेशिवाय, अपुऱ्या तपासण्यांवर आणि रात्री अडीच वाजता, हे दाखवणारं कुणी समोर नसतं.

२०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम सगळ्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना लागू केला. एकेका विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबं घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहायचं. सेवाग्रामच्या जवळची ही कल्पना आता नियम झाली, हे स्वागतार्हच आहे. फक्त नियमात मुक्काम उतरला नाही. सकाळी दहाला कॉलेजची बस निघते, अकराला गावात पोचते, एक वाजता परत फिरते. या वेळेत घरात असतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत न गेलेली पोरं. कामाची बाई शेतात आणि कामाचा माणूस तालुक्याला. अर्ज भरले जातात, फोटो काढले जातात, नोंदवह्या वेळेत सादर होतात. एसटीची जी गाडी गावात मुक्कामाला राहते, तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरला गावातल्या भांडणांपासून लग्नांपर्यंत सगळं ठाऊक असतं. स्टँडवर पाच मिनिटं थांबून पुढे जाणाऱ्या गाडीला फक्त प्रवासी ठाऊक असतात. आपण विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या गाड्या वाढवल्या आहेत.

मुक्काम वाढवला तर काय होतं, याचं सगळ्यांत नीट तपासलेलं उदाहरण भारतातलं नाही. ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरलँडचं आहे. मरे नदीच्या काठची संत्र्या-द्राक्षांच्या बागांची ही वस्ती ॲडलेडहून साधारण अडीचशे किलोमीटर दूर आहे. रेनमार्क, बेरी, लॉक्सटन, वायकेरी, बार्मेरा अशी छोटी गावं, प्रत्येकाचा छोटा दवाखाना आणि छोटं रुग्णालय. १९९७ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाचे ८ विद्यार्थी इथे पाठवले. दोन आठवड्यांसाठी नव्हे, सबंध वर्षासाठी. हा बेत रचणाऱ्यांत पॉल वर्ली होते, स्वतः ग्रामीण भागात काम केलेले डॉक्टर. २०१७ मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे पहिले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य आयुक्त झाले.

शहरातल्या रुग्णालयात हे तिसरं वर्ष तुकड्यातुकड्यांत जातं. काही आठवडे शस्त्रक्रिया, काही आठवडे बालरोग, मग प्रसूती, मग मानसोपचार. प्रत्येक विभागात नवे शिक्षक, नवे रुग्ण, आणि ओळख व्हायच्या आत पुढचा विभाग. रिव्हरलँडमध्ये हे तुकडेच काढून टाकले. विद्यार्थी वर्षभर एका गावच्या दवाखान्याला जोडलेला. सकाळी त्याला स्वतःची खोली मिळते. रुग्ण आधी त्याच्याकडे येतो, तो विचारपूस करतो, तपासतो, आपला अंदाज बांधतो, मग डॉक्टर येऊन ते तपासून पाहतात आणि दोघे मिळून निर्णय घेतात. दरम्यान डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसरा रुग्ण पाहत असतात. म्हणजे विद्यार्थी ही त्यांना ब्याद वाटत नाही. काही महिने गेले की तो चक्क उपयोगी पडू लागतो. शिकवण्याचा भार उचलायला गावातले व्यस्त डॉक्टर का तयार झाले, याचं उत्तर बरंचसं या दोन खोल्यांच्या मांडणीत आहे.

आणि विषयांचं काय? ते रुग्णांबरोबर आपसूक येतात. मार्चमध्ये तपासणीला आलेली गरोदर बाई ऑगस्टमध्ये बाळंत होते तेव्हा तोच विद्यार्थी हजर असतो. बाळाच्या पहिल्या लशीलाही असतो, आणि नंतर तिच्या डोळ्यांतली उदासी ओळखायलाही. प्रसूतिशास्त्र, बालरोग आणि मानसोपचार हे तीन विषय एकाच घरात शिकून झाले. कुणी ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडला तर विद्यार्थी त्याला रुग्णालयात भेटतो, प्लास्टर निघताना भेटतो आणि सुपरमार्केटमध्ये लंगडताना पाहतो.

साहजिकच शहरातल्या प्राध्यापकांना धास्ती होती. नामांकित तज्ज्ञांपासून दूर राहिलेली ही मुलं परीक्षेत मागे पडतील, असं त्यांना वाटे. २००४ साली वर्ली आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकालांची तुलना प्रसिद्ध केली. रिव्हरलँडची मुलं मागे पडली नव्हती. मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या वर्गमित्रांपेक्षा त्यांची कामगिरी सरस होती. दुर्मीळ आजार त्यांनी कमी पाहिले असतील, पण जे पाहिले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. तोवर ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने ग्रामीण क्लिनिकल स्कूल नावाच्या संस्थांना पैसा द्यायला सुरुवात केली होती आणि अट घातली होती की देशी विद्यार्थ्यांपैकी किमान चौथाई मुलांनी एक वर्ष ग्रामीण भागात शिकावं.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. जी मुलं वर्षभर गावात जायला स्वतःहून तयार होतात ती मुळातच गावाकडे झुकलेली असतात. पुढे ती गावात स्थिरावली तर श्रेय त्या वर्षाचं किती आणि त्यांच्या स्वभावाचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि एवढं सगळं करूनही ऑस्ट्रेलियातल्या आडवळणाच्या गावांना डॉक्टरसाठी जाहिराती द्याव्याच लागतात. परीक्षेचा मुद्दा मात्र निकालात निघाला: गावात शिकणं म्हणजे कमी शिकणं नव्हे.

मग आपण उद्यापासून शंभर मुलांना वर्षभर तालुक्याला पाठवावं का? अडचण मुलांची नाही, शिक्षकाची आहे. रिव्हरलँडमधला गावचा डॉक्टर वर्षानुवर्षं तिथे राहिलेला असतो. त्यांच्यातले काही बाळंतपणं करतात, काही भूलही देतात, आणि विद्यापीठ त्यांना शिक्षक म्हणून मान्यता देतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवणारा कोण असेल? कित्येकदा तो स्वतःच मागच्या वर्षी पास झालेला, बंधपत्राची वर्षपूर्ती मोजत बसलेला असतो. टेबलावर ओपीडीचं रजिस्टर असतं आणि खाली पीजी-नीटच्या प्रश्नांचं पुस्तक. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे काम कुणी शिकवलेलं नाही, आणि पुढची शिडी एकाच परीक्षेतून जाते, जी बहुपर्यायी प्रश्नांची आहे.

महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्ष सेवा द्यायची, असा बंधपत्राचा नियम आहे. त्याने रिकाम्या खुर्च्या भरतात हे खरं. पण दरवर्षी माणूस बदलणारी खुर्ची गावाला विश्वास देत नाही आणि विद्यार्थ्याला गुरूही देत नाही. सक्ती मुळातच चालत नाही असंही नाही. जपानमध्ये तोचिगी प्रांतातलं जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ मध्ये याच कामासाठी निघालं. देशातल्या ४७ प्रांतांपैकी प्रत्येक प्रांत दरवर्षी आपली दोन-तीन मुलं निवडून पाठवतो, शिक्षणाचा खर्च उचलतो आणि मोबदल्यात पदवीनंतर नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा मागतो. त्यातला बराच काळ दुर्गम भागात जातो. नऊ वर्षं ऐकून आपल्याकडचा विद्यार्थी हबकेल. तरी तिथले बहुतेक जण ती पुरी करतात. आपल्या बंधपत्रात आणि जिचीच्या करारात खरा फरक मुदतीचा नाही. तिथे जाणारा पहिल्या दिवसापासून जाणतो की आपण कुठल्या भागासाठी डॉक्टर होतोय, आणि पाठवणाराही त्याला नावाने ओळखतो.

म्हणजे निवडीचा प्रश्न आलाच. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजने १९७४ पासून एक सोपी गोष्ट केली. खेड्यात वाढलेल्या आणि तिथेच कुटुंबवैद्य होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी थोड्या जागा वेगळ्या काढल्या. हॉवर्ड रॅबिनोविट्झ यांनी १९९९ मध्ये मोजलं तेव्हा असं दिसलं की पेनसिल्व्हेनियातल्या सात वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांत ही मुलं जेमतेम १ टक्का होती, पण त्या महाविद्यालयांतून निघून राज्याच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या कुटुंबवैद्यांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. फिलिपिन्सच्या लेइते बेटावर तर १९७६ मध्ये याहून धाडसी प्रयोग सुरू झाला. विद्यार्थी गावाने सुचवायचा. तो आधी सुईणीचं काम शिकतो, गावात जाऊन ते करतो, गावाला पटलं तर परत येऊन परिचारिका होतो, पुन्हा गाव, आणि मग शेवटी डॉक्टर. मधल्या कुठल्याही पायरीवर थांबला तरी गावाच्या हाती एक शिकलेला माणूस लागतोच.

आपल्याकडे निवडीचं काम एका देशव्यापी परीक्षेवर सोपवलं आहे. तमिळनाडूत या परीक्षेनंतर ग्रामीण आणि सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण घटल्याचा गदारोळ झाला, आणि २०२० मध्ये त्या राज्याने सरकारी शाळांतल्या मुलांना ७.५ टक्के जागा राखून दिल्या. महाराष्ट्रात त्याच वर्षी उलटं पाऊल पडलं. विभागातल्या मुलांना त्याच विभागात ७० टक्के जागा देणारं ७०:३० चं सूत्र रद्द झालं. त्याची बाजू घेणं तरी कुठे सोपं आहे? मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, त्यामुळे या सूत्राचा काच तिथल्या मुलांनाच बसत होता आणि रद्द करा ही मागणीही तिथूनच जोरात होती. शिवाय गावचा जन्म म्हणजे गावची ओढ असंही नाही. शेतकऱ्याचं पोर लातूरला खोली घेऊन दोन वर्षं क्लास करतं, तेव्हा घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं ते त्याने परत गावात येऊन बसावं म्हणून नव्हे. पण जी मुलं येऊ पाहतात त्यांना ओळखण्याची एखादी तरी चाळणी असायला हवी, आणि आज ती नाही.

शिक्षक म्हणजे पदवीधर डॉक्टरच, हे गृहीतही सोडून पाहायला हवं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं. गावागावांतल्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुढे जगभरातले वैद्यकाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला या बायकाही असत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले तेव्हा नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणारी अशी बाई एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला एका दिवसात जे दाखवील ते त्याला पुस्तकात आठवडाभर सापडणार नाही. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थी तिला भेटतो तो घरं दाखवणारी म्हणून. तिच्या हाती विद्यार्थ्याचं मूल्यमापन करणारा एखादा तरी गुण द्यायला काय हरकत आहे? त्याने माहिती भरली की नाही ते प्राध्यापक तपासतीलच. त्या घरात तो पुन्हा आला तर दार उघडलं जाईल का, हे मात्र तीच सांगू शकते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात गडचिरोली आहे, वाशीम, बुलडाणा, हिंगोली, भंडारा आणि जालना आहेत. जिल्हा तिथे महाविद्यालय, हे धोरण सेवाग्रामच्या काळात स्वप्नवत वाटलं असतं. पण जिल्ह्याच्या गावी इमारत उभी राहिली म्हणून शिक्षण आपोआप ग्रामीण होत नाही. गडचिरोलीतला विद्यार्थी पाच वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच फिरला, तर त्याच्यासाठी ते नागपूरच्या मेडिकलचं एक लहान, कमी सोयींचं रूप ठरेल. धानोरा, एटापल्ली, भामरागड इथल्या ग्रामीण रुग्णालयांत त्याने तिसऱ्या वर्षाचे सलग सहा महिने काढायचे असतील, तर तिथे राहायला चार खोल्या लागतील, मुलींसाठी सुरक्षित सोय लागेल, आणि दहा-बारा वर्षं तिथेच काम केलेल्या डॉक्टरांना सहयोगी प्राध्यापकाचं पद आणि पगार द्यावा लागेल. नियमांत आज अशा डॉक्टरला शिक्षक म्हणून बसवायला सहजी जागा सापडत नाही. खोल्या बांधायला वर्ष लागेल. पण या दहा जिल्ह्यांत असे डॉक्टर कोण आणि कुठे आहेत, याची यादी करायला आरोग्य खात्याला एक दुपार पुरेल.